ग्राहकाचा विश्वास कसा मिळवावा : गुंतवणूक सल्लागारासाठी पहिल्या भेटीपासून पुढची कार्यपद्धती

कराडला एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा सरांनी साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी टीपॉयवर रिकामी केली. तिच्यातून सात विमा पॉलिसी, दोन पतसंस्थांच्या ठेव पावत्या, पोस्टाचे एक पासबुक आणि घडीवर फाटायला आलेली म्युच्युअल फंडाची तीन स्टेटमेंटे निघाली. मी एकेक कागद उलगडून वहीत टिपत होतो, सर प्रत्येक पॉलिसी कोणत्या भाच्याने किंवा कोणत्या सहकाऱ्याने गळ्यात मारली ते हसत सांगत होते, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकूंनी बराच वेळ ऐकून घेतल्यावर एकच प्रश्न विचारला : "हे सगळं बघून देण्याचं तुम्हाला काय मिळणार?"

हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. बहुतेक जण तो तोंडावर विचारत नाहीत, मनातल्या मनात त्याचे उत्तर ठरवून टाकतात, आणि ते उत्तर सहसा आपल्या बाजूचे नसते. या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगतो, की आपल्यावाचून आपले काम तपासता येईल अशी सोय ग्राहकाला करून द्यावी. पुढे जी पद्धत सांगितली आहे तिचा प्रत्येक टप्पा या एका गोष्टीवर उभा आहे.

आधी आपली पाटी नीट लिहावी

आपल्याकडे 'सल्लागार' हा शब्द फार सैल वापरला जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन वेगळे व्यवसाय आहेत. सेबी या गुंतवणूक बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार विनियमांखाली नोंदणी केलेला सल्लागार ग्राहकाकडून फी घेतो. त्याच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात 'आयएनए' या अक्षरांनी होते. म्युच्युअल फंड वितरकाकडे ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेचा एआरएन हा नोंदणी क्रमांक असतो आणि त्याला फंड घराण्याकडून, म्हणजे फंड चालवणाऱ्या कंपनीकडून, कमिशन मिळते. २०२० च्या दुरुस्तीनंतर वितरकाला स्वतःला 'स्वतंत्र आर्थिक सल्लागार' म्हणवून घेता येत नाही, आणि एकाच कुटुंबाला सल्लाही द्यायचा व वितरणाचे कमिशनही घ्यायचे, हे नोंदणीकृत सल्लागाराला करता येत नाही.

दोन्ही व्यवसाय प्रामाणिकपणे करता येतात. मी अनेक वितरक असे पाहिले आहेत, की ज्यांच्या पायरीवर नोंदणीकृत सल्लागाराने चार दिवस बसून शिकावे. अडचण तेव्हा होते, जेव्हा वितरक पाटीवर सल्लागार होतो, किंवा सल्लागार पत्नीच्या नावाच्या एआरएनवरून कमिशन घेतो. ग्राहकाला हे आज ना उद्या कळतेच, कारण त्याचा मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत आयटीत असतो आणि सुट्टीत घरी आला की वडिलांचे स्टेटमेंट उघडून बघतो.

म्हणून पहिली पायरी अगदी साधी आहे. व्हिजिटिंग कार्डावर, पत्रावर आणि दारावरच्या पाटीवर आपण कोण आहोत ते आणि आपला नोंदणी क्रमांक स्पष्ट लिहावा. पहिल्या भेटीतच ग्राहकाला सांगावे, की सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी आहे, तीत माझे नाव शोधून बघा. शक्य असेल तर त्यांच्याच मोबाइलवर त्यांच्याकडूनच शोधून घ्यावे. काकूंनी ते शोधले, क्रमांक माझ्या कार्डाशी अंकाअंकाने जुळवून पाहिला, आणि मगच चहा ठेवायला गेल्या.

पहिल्या भेटीत सल्ला देऊ नये

हे नव्या सल्लागाराला सर्वांत जड जाते. समोर चुकीची गुंतवणूक दिसत असते, आपल्याला उत्तर माहीत असते, आणि आपली हुशारी दाखवण्याचा मोह आवरत नाही. परंतु अर्ध्या तासात सांगितलेला उपाय ग्राहकाच्या कानाला आधीच घेतलेल्या निर्णयासारखा ऐकू येतो, कारण विमा विकायला आलेल्या प्रत्येकाने त्याला असेच अर्ध्या तासात सांगितलेले असते.

पहिल्या भेटीत कागद पाहावेत, त्यांची पावती द्यावी आणि मूळ कागद शक्यतो नेऊ नयेत. मोबाइलवर छायाचित्र पुरेसे असते. खर्चाबद्दल विचारताना "महिन्याचा खर्च किती" असे विचारले तर येणारा आकडा नेहमी कमी असतो. किराणा, औषधे, वर्षातून एकदा येणारी घरपट्टी, गावच्या जत्रेचा खर्च, मुलीच्या घरी दिवाळीला पाठवायचे ते, असे एकेक विचारले की आकडा जागेवर येतो. नवरा-बायको दोघेही बसलेले असतील अशीच वेळ घ्यावी. आपल्याकडे सही बहुधा पतीची असते, तर नकार बहुधा पत्नीचा असतो, आणि ज्या बाईने आपल्याला कधी पाहिलेच नाही ती पुढे एकटी पडल्यावर आपल्याला फोन करणार नाही.

फी रुपयांत सांगावी

काकूंच्या प्रश्नाला मी त्या दिवशी कागदावर उत्तर दिले. वर्षाची फी १८,००० रुपये, ती बँकेतूनच द्यायची, रोख मी घेत नाही, आणि याखेरीज कोणत्याही फंड घराण्याकडून, विमा कंपनीकडून किंवा बँकेकडून मला एक छदामही मिळत नाही. त्याच कागदावर खाली दुसरा हिशेब मांडला : हेच काम वितरकाकडून करून घेतले, २० लाख रुपये म्युच्युअल फंडांच्या रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फत घ्यायच्या, योजनांत ठेवले आणि त्यांवरचे कमिशन वर्षाला एक टक्का धरले, तर वर्षाला २०,००० रुपये तुमच्या पैशांतून वजा होतील, फक्त ते वजा होताना तुम्हाला दिसणार नाहीत.

टक्का हा शब्द लपवायला फार सोयीचा आहे. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट, म्हणजे वितरकाशिवाय थेट घ्यायचा, प्रकार उपलब्ध आहे, त्यामुळे दोन्हींतला फरक कोणालाही पाहता येतो, तरीही "फक्त एक टक्का" ऐकून माणूस गप्प बसतो आणि "वर्षाला वीस हजार" ऐकून ताठ बसतो. आपल्या फीच्या बाबतीतही त्याला ताठ बसू द्यावे. सेबीने फीवर मर्यादा घातली आहे : ठरावीक फी असेल तर एका कुटुंबाकडून वर्षाला १,५१,००० रुपयांपर्यंत, आणि मालमत्तेच्या प्रमाणात असेल तर वर्षाला अडीच टक्क्यांपर्यंत. ही मर्यादा ग्राहकाला आपणहून सांगावी. एका वर्षाहून अधिक काळाची आगाऊ फी मागू नये, नियमही तेच सांगतो.

फी देणे ज्याच्या फायद्याचे नाही, त्याला तसे सांगावे. महिन्याला ३,००० रुपयांची एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) सुरू करू पाहणारा तरुण वर्षात ३६,००० रुपये गुंतवेल. त्यावरचे एक टक्का कमिशन ३६० रुपयांच्या पुढे जात नाही. त्याच्याकडून १०,००० रुपये फी घेणे मला पटत नाही. अशा मुलांना मी एक साधा इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणारा फंड) कसा निवडायचा ते समजावतो किंवा चांगल्या वितरकाचा पत्ता देतो. पाच-सात वर्षांनी यांतलेच काही जण आपल्या आईवडिलांना घेऊन येतात.

जोखीम टक्क्यांत विचारू नये

जोखीम क्षमतेची प्रश्नावली भरून घेणे बंधनकारक आहे, ती भरावीच. पण "बाजार २० टक्के पडला तर तुम्ही काय कराल" या प्रश्नावर बाजार चढता असताना प्रत्येक जण "थांबेन" याच पर्यायावर खूण करतो. त्याऐवजी खरा प्रसंग समोर ठेवावा. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला तो ७,६१० वर बंद झाला. म्हणजे सुमारे ३८ टक्क्यांची घसरण. आता ग्राहकाच्याच रकमेवर हा हिशेब करावा : "तुमचे २० लाख सव्वादोन महिन्यांत १२ लाख ४० हजार झालेले मोबाइलवर दिसतील. त्या रात्री कोणाला फोन कराल?" त्यानंतर निफ्टीने जुनी उंची त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गाठली, हेही सांगावे, आणि दर वेळी इतक्या लवकर ती गाठली जाईलच असे नाही, हेही त्याच दमात सांगावे.

सरांनी या प्रश्नाला "मी धीर धरेन" असे उत्तर दिले आणि काकू म्हणाल्या, "हे पतसंस्थेचं व्याज दोन दिवस उशिरा आलं तरी झोपत नाहीत." प्रश्नावलीत सर मध्यम जोखमीच्या रकान्यात बसत होते; मी त्यांना एक पायरी खाली आणले आणि असे का केले, ते दोन ओळींत लिहून ठेवले.

सल्ला लेखी द्यावा, आणि तो अडचणीच्या जागांपासून सुरू करावा

लेखी सल्ला हा नियमाचा भाग आहे, पण त्याचा उपयोग नियमापुरता नाही. प्रत्येक शिफारशीखाली मी चार गोष्टी लिहितो : हे का, याऐवजी काय करता आले असते, यात काय बिघडू शकते, आणि यातून मला काय मिळते. चौथ्या ओळीत बहुतेक ठिकाणी 'काही नाही' येते. तरी ती ओळ वगळू नये.

सरांना दिलेल्या सल्ल्याच्या पत्रात पहिला मुद्दा पतसंस्थांचा होता. बँक ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत आहे आणि नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्था बँक नसल्यामुळे तिथल्या ठेवींना हे संरक्षण नाही. गावातली पतसंस्था, संचालक ओळखीचे, व्याज अर्धा-एक टक्का जास्त, त्यामुळे हा फरक कोणी सांगत नाही. मी तिथल्या संचालकांविषयी एक अक्षर लिहिले नाही, फक्त हा फरक लिहिला आणि मुदत संपेल तसे पैसे काढावेत असे सुचवले. त्यानंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा मुद्दा होता : ३० लाखांची मर्यादा पूर्ण वापरली, तर ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतात. पोस्टात जाऊन करण्याच्या या कामासाठी सल्लागार कशाला हवा, असे सरांना वाटले असावे. मला त्यात कमीपणा वाटला नाही. निवृत्ताच्या सल्ल्याचा मोठा भाग असाच नीरस असतो.

जुन्या विमा पॉलिसींचा विषय नाजूक आहे, आणि इथे मी थोडा थांबतो, कारण नवे सल्लागार हमखास इथेच पाय घसरून पडतात. "एंडोमेंट म्हणजे पाच टक्के, मोडून टाका" हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयारच असते. एंडोमेंट म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी, आणि ते वाक्य अर्धेच खरे आहे. सरांच्या एका पॉलिसीचा हप्ता वर्षाला ५०,००० रुपये होता, मुदत २० वर्षे आणि शेवटी अंदाजे १७ लाख ३६ हजार मिळणार होते. पहिल्या हप्त्यापासून हिशेब केला तर परतावा पाच टक्केच येतो. परंतु १४ हप्ते भरून झाले होते आणि त्या दिवशी पॉलिसी परत केली असती तर सुमारे ९ लाख हातात आले असते. आता प्रश्न एवढाच उरतो, की आजचे ९ लाख आणि उरलेले सहा हप्ते यांच्यावर पुढे किती परतावा मिळेल. तो हिशेब सात टक्क्यांच्या आसपास येतो. एवढ्या कमी जोखमीत सात टक्के मिळत असतील, तर सरांच्या वयात ही पॉलिसी चालू ठेवणेच शहाणपणाचे. गेलेला काळ पाहून पॉलिसी वाईट ठरली आणि पुढचा काळ पाहून चांगली, असे अनेकदा होते. नुकत्याच घेतलेल्या दोन पॉलिसींचा हिशेब उलट निघाला, त्या बंद करण्याचा सल्ला दिला.

पॉलिसी विकणाऱ्या भाच्याबद्दल वाईट बोलू नये. त्याच्या मुलीच्या बारशाला सर जाणार असतात, आपण नाही. कागदावर आकडे असावेत, नावे नसावीत.

ग्राहकाच्या पैशाला आणि किल्ल्यांना हात लावू नये

इथे सांगण्यासारखे थोडेच आहे, पण त्यात सूट नाही. आपल्या नावाने धनादेश घेऊ नये. ओटीपी विचारू नये. ग्राहकाने कंटाळून "तुम्हीच टाका" म्हणत मोबाइल पुढे केला तरी त्याच्याच हाताने टाकायला लावावा. गुंतवणुकीच्या खात्यावर ग्राहकाचा स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल असावा. लहान गावांत मध्यस्थाने सोयीसाठी स्वतःचा ईमेल टाकलेला असतो आणि मग सगळी स्टेटमेंटे त्याच्याकडेच जातात. असे कुठे आढळले तर पहिले काम ते बदलण्याचे. नॉमिनी प्रत्येक खात्यावर आहे का, हे तपासावे, आणि नॉमिनी म्हणजे आपोआप मालक नव्हे, वारसांचा हक्क वेगळा असतो, हे सांगून मृत्युपत्राचा विषय वकिलाकडे न्यावा.

बाजार पडल्यावर पहिला फोन आपला असावा

मार्च २०२० मध्ये मी ग्राहकांना फोन करायला तीन दिवस उशीर केला. काय सांगावे ते सुचत नव्हते, हे खरे कारण. त्या तीन दिवसांत दोघांनी एसआयपी बंद केल्या, आणि त्यांतला एक जण नंतर म्हणाला, "तुम्ही गप्प होतात म्हणजे तुम्हीही घाबरला असाल." तेव्हापासून मी फोनचा मजकूर आधीच लिहून ठेवतो : तुमची रक्कम आज किती दिसते, पुढच्या तीन वर्षांचा खर्च कुठे सुरक्षित आहे, आणि पत्रात ठरल्याप्रमाणे आपण काय करणार आहोत. भाकीत करायचे नाही. परताव्याची खात्री देणे नियमाने निषिद्ध आहेच, पण पडत्या बाजारात "महिन्याभरात सावरेल" असा दिलेला दिलासा हीसुद्धा एक हमीच असते.

एप्रिल २०२० मध्ये एका फंड घराण्याने सहा डेट (कर्जरोख्यांत गुंतवणूक करणाऱ्या) योजना गुंडाळल्या. गुंतवणूकदारांचे पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले. पण ज्यांनी "डेट फंड म्हणजे एफडीच समजा" असे सांगितले होते, त्यांना त्यांचे गेलेले ग्राहक परत मिळाले नाहीत. सोपे करून सांगणे आणि खोटे सांगणे यांतली रेघ बारीक असते, आणि ती ओलांडल्याचे बहुधा वाईट दिवशीच कळते.

चूक झाली की त्याच दिवशी सांगावी

एका ग्राहकाला मी ६ लाख रुपये फंडातून काढायला सांगितले आणि एक वर्ष पूर्ण व्हायला अकरा दिवस उरले आहेत हे माझ्या लक्षातच आले नाही. एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचे शुल्क, लागला, ६,००० रुपये गेले. त्यांना ते कळलेही नसते. मी संध्याकाळी फोन केला, दुसऱ्या दिवशी लेखी कळवले आणि त्या वर्षीच्या फीमधून तेवढी रक्कम कमी केली. याचे मला कौतुक करून घ्यायचे नाही, कारण फोन लावण्यापूर्वी मी दोन तास कारणे शोधत बसलो होतो. त्यानंतर पैसे काढण्याच्या प्रत्येक सल्ल्यापुढे खरेदीची तारीख लिहिण्याचा रकाना मी वाढवला.

तक्रार कुठे करायची, हेही आपणच सांगावे. सेबीचे स्कोअर्स हे तक्रार निवारणाचे व्यासपीठ करारातच लिहिलेले असते. पण ते बारीक अक्षरांत राहू न देता पहिल्या पानावर आणावे. करार मोडायचा झाल्यास किती दिवसांत कागद परत मिळतील आणि उरलेल्या काळाची फी कशी परत होईल, हेही तिथेच असावे. बाहेर पडायचा रस्ता दिसत असला की माणूस आत निवांत बसतो.

आणि एक गावाकडची गोष्ट. "अमक्या डॉक्टरांचे पैसेसुद्धा मीच बघतो" हे वाक्य नवा ग्राहक मिळवायला फार उपयोगी वाटते. ऐकणारा मान डोलावतो आणि मनात नोंद करतो, की उद्या हा माझेही नाव असेच चौकात सांगेल. कोणाचे पैसे आपल्याकडे आहेत हे आपल्या तोंडून कधीही बाहेर पडू नये, खुद्द त्या डॉक्टरांनी पाठवलेल्या माणसापुढेसुद्धा.

वर्षातून एकदा, ग्राहकाच्या कागदावरून

वार्षिक आढावा आपण तयार केलेल्या रंगीत अहवालावरून घेऊ नये. म्युच्युअल फंडांचे एकत्रित स्टेटमेंट ग्राहकाला कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून थेट त्याच्या ईमेलवर मागवता येते. ते त्याने छापून आणावे आणि आपल्या आकड्यांशी जुळवावे. पहिल्या वर्षी याला दोन तास लागतात. ग्राहक चुकीच्या रकान्यात बघतो, युनिट आणि रुपये यांची गल्लत करतो, आणि आपल्याला वाटते की हे आपणच दहा मिनिटांत उरकले असते. तरी उरकू नये.

कराडच्या काकू आता स्टेटमेंट स्वतः मागवतात. मागच्या भेटीत त्यांनी शाळेच्या जुन्या हजेरीपटातून उरलेल्या कोऱ्या पानांची वही उघडली, पेन्सिलीने बारीक आखलेला तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि विचारले, "एसआयपीचे दहा हजार जातात, पण इथे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये पन्नास पैसेच गुंतलेले दिसतात. दर महिन्याला हे पन्नास पैसे कोण घेतं?" मी त्यांना जुलै २०२० पासून लागू झालेले ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क दाखवले, स्टेटमेंटमधली त्याची वेगळी ओळ दाखवली. त्यांनी बारा महिन्यांचे सहा रुपये वहीत मांडले, खाली रेघ ओढली आणि पुढच्या पानावर गेल्या.